तिच्या आवाजात मी वाचलं

वाचनालयाची गोष्ट हाय म्हणल्यावर तुमी मनातल्या मनात शेवट करून बी टाकला असंल. तांड्यावरची गरीब पोरगी, हातात पुस्तक, डोळ्यात चमक. मग दहावीला गुलाल, मग लाल दिव्याची गाडी, आन गाडीतून उतरून ती माझ्या पाया पडती. फोटो, टाळ्या, चहापाणी. मला बी ती गोष्ट लई आवडती. मी ती तीन आवाजात करून दाखवू शकतो: पाहुण्याच्या, मुख्याध्यापकाच्या, आन मधीच कुंईं करणाऱ्या माइकच्या. पण ती गोष्ट माझ्याकडं न्हाई. माझ्याकडं जी हाय ती ऐकून कोणी टाळ्या वाजवत न्हाई. तरी बसणार असाल तर बसा.

मी औंढ्याचा. वडील नागनाथाच्या देवळात यात्रेकरूंचे अभिषेक सांगतात. मी नऊ वर्षांचा असताना, वडील जेवायला गेलेले पाहून, त्यांच्या पाटावर बसून त्यांच्याच नाकातल्या आवाजात अख्खा संकल्प सांगितला होता. परभणीकडचं एक जोडपं डोळे मिटून, हात जोडून बसलं होतं. वडलांनी मागून येऊन कानफटात दिली तवा त्या जोडप्यानं डोळे उघडले. पुढं शाळेत मुख्याध्यापकांच्या आवाजात शिपायाला फोन करून मी अर्धी सुट्टी दिली. शाळा रिकामी झाली आन मुख्याध्यापक आतच बसलेले. सांगायचा मुद्दा, देवानं मला अक्कल थोडी कमी दिली पण गळा बराबर दिला.

त्या गळ्यावरच मला काम भेटलं. औंढ्याहून जवळा बाजारला जाताना एक फाटा फुटतो, तिथून आत बंजाऱ्यांचा तांडा हाय. त्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आन धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता थोडी थोडी शेती, सोयाबीन आन तूर, आन दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊस तोडायला कोल्हापूरकडं. तिथल्या मंदिराच्या बाजूच्या खोलीत शहरातल्या एका संस्थेनं वाचनालय टाकलं होतं. दोन मांडण्या पुस्तकं, छतावर सोलरची पाटी, आन सहा टॅब. एक ताई हिंगोलीहून मंगळवारी आन शुक्रवारी यष्टीनं यायच्या. बाकीचे दिवस मी. माझं नाव ठेवलं होतं वाचनमित्र.

पोरं घरी गोरमाटी बोलतात, आईला याडी म्हणतात. शाळेत पुस्तक मराठीत. घरी जे पोरगं सगळ्या तांड्याला बोलण्यात गार करायचं, तेच पुस्तकापुढं मुकं व्हायचं. ताईंचं म्हणणं, आधी त्यांचं भ्या घालवा. ते मला येत होतं. मी गोष्ट वाचायचो तर शेळी शेळीसारखी बोलायची, वाघाला सर्दी झालेली असायची, आन राजा औंढ्याच्या बसस्टँडवरच्या कंट्रोलरच्या आवाजात हुकूम सोडायचा. पोरं पोट धरून लोळायची आन दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

टॅबचं काम येगळं होतं. टॅबवर उतारा यायचा, लेकरानं तो मोठ्यानं वाचायचा, आन मशीन ऐकायचं. अडखळत वाचलं तर लाल. जरा बरं वाचलं तर पिवळं. बराबर वाचलं तर हिरवं, आन पडद्यावर एक पोपट पंख फडफडवत उडायचा. दर पंधरा दिवसाला एकेका लेकराचं वाचन मशीनमधी गेलंच पाहिजे, असा शहरातून हुकूम. एका पायरीला एकच उतारा. पुढची पायरी दिवाळीनंतरच उघडायची, तवर हिरवं आलं तरी तोच.

आता ती पोरगी. चौथीतली. तिचा आवाज घोगरा होता, रात्रभर जत्रेत ओरडून आल्यासारखा. वाचताना वाक्याच्या मधीच दम घ्यायची आन शेवटचा शब्द लांबवायची. पहिल्या पायरीला म्हातारीचा आन तिच्या शेळीचा उतारा होता, चार ओळींचा. ही पहिल्या ओळीतच अडकायची. दर वेळी लाल. चिकाटी मात्र अशी की कुलूप उघडायच्या आधी दारात हजर, कडेवर दोन वर्षांचा भाऊ.

एकदा लाल आल्यावर ती मला म्हणली, "दादा, मला एकदा तरी पोपट पाहू द्या ना."

मी म्हणलं त्यात काय. टॅब तोंडाजवळ घेतला आन तिच्याच आवाजात उतारा वाचला. तोच घोगरेपणा, मधी तोच दम, शेवटी तोच लांबवलेला शब्द. मशीन फसलं. पोपट उडाला. ती एवढी हसली की भाऊ कडेवरून घसरला. मग रोजच तिचं सुरू झालं, दादा माझा आवाज काढा. मी काढायचो. मग ती माझी नक्कल करायची, मी तिची जी नक्कल करतो तिची. आमी दोघं येड्यासारखं एकमेकाला तोच उतारा म्हणून दाखवायचो. मला वाटायचं, हेच तर शिकणं हाय.

मग सोयाबीन काढायला आलं. सगळी पोरं रानात. खोलीत मी आन सहा टॅब. पंधरवडा भरत आला, वाचनाचे रकाने रिकामे. मागच्या वेळी रकाने रिकामे राहिले तर शहरातून ताईंला फोन आला होता, आन ताई फोनवर हो सर, हो सर करून राहिल्या होत्या, ते मी पाहिलं होतं. म्हणलं, ताईंला तकलीफ काहून द्यायची. एका दुपारी दार लोटून घेतलं आन बसलो. एक एक पोरगं उघडायचं, त्याच्या आवाजात वाचायचं, बंद करायचं. जो अडखळतो त्याच्यासाठी अडखळलो. ज्याचं नाक वाहतं त्याच्यासाठी नाक वाहवलं. तुमाला खोटं सांगत न्हाई, एवढं चांगलं काम मी आयुष्यात पुन्हा केलं न्हाई, आन पाहायला कोणीच नव्हतं.

तिचं वाचन आलं तवा मी अडखळलो न्हाई. तिच्या आवाजात अडखळायला माझं मन होईना. हिरवं केलं. पुढच्या पंधरवड्यात बी हिरवं. त्याच्या पुढच्या बी. ताईंनी मंगळवारी आकडे पाहिले आन मला म्हणल्या की मेहनत दिसून राहिली. मी मान खाली घालून लाजलो. लाजायची नक्कल बी मला चांगली येती.

दसऱ्यानंतर ताईंनी तांड्यातल्या बायांला बोलावलं आन सांगितलं की यंदा संस्था आठ लेकरं इथंच ठेवणार. आईबाप उसाला गेले तरी लेकरं खोलीत राहतील, शाळेत जातील, दोन बाया सैपाक करतील. तिची आई सगळ्यात पुढं बसली होती. ती बोलायला धीट. तिनं सांगितलं की मागच्या दोन साली पोरगी उसात गेली, कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, भाऊ सांभाळला, उसाच्या शेंड्याचं वाढं बांधलं, आन परत आली तवा अक्षर इसरून आली. घरात म्हातारं माणूस न्हाई, कोणाजवळ ठेवावं. यंदा हिला कसं बी करून ठेवून घ्या. भावाला मी पाठीवर बांधून ऊस तोडीन पण हिला ठेवा. एवढं बोलून तिनं माझ्याकडं पाहिलं आन म्हणली, सर सांगतील, माझी लेक एक दिवस बी खाडा करत न्हाई.

मी म्हणलं, व्हय, न्हाई करत.

यादी शहरातून टॅबवरच आली. ज्याचं वाचन कच्चं त्याला आधी जागा, असा नियम. आठ नावं. तिचं नव्हतं. ती हिरवी होती ना.

मी यादी दोनदा वर-खाली सरकवून पाहिली. तिला कच्चं म्हणायचं तर मी केलेलं सांगावं लागणार. तिचं सांगितलं की मग बाकीच्यांचं बी निघणार, तीसेक लेकरांचं वाचन माझ्या एकट्याच्या नरड्यातून गेलेलं. टॅब परत जातील, आठ जागा जातील, मी तर जाईनच. मी असा हिशेब मांडला की ज्यात मी गप राहणं हेच सगळ्यांच्या भल्याचं निघालं. मग त्यातल्या त्यात एक शक्कल काढली. ताईंला म्हणलं, मशीन कधी कधी चुकतं, तिचं वाचन तुमच्यापुढं पुन्हा एकदा घ्या. ती आपल्या आपण अडकंल, लाल येईल, जागा भेटंल, आन मला तोंड उघडायची गरज न्हाई. ताई हो म्हणल्या.

शुक्रवारी ती आईसंग आली. केसाला तेल, धुतलेला झगा. दाराबाहेर मी तिला बाजूला घेऊन म्हणलं, तुला जसं येतं तसंच वाच, अडकली तर अडक. काहून, ते सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तिनं आत जाऊन, दादा म्हणले अडक, असं ताईंला सांगितलं असतं, अशी मला भीती. तिनं मान हलवली.

टॅबवर म्हातारी आन शेळी आली. पोरीनं टॅबकडं पाहिलंच न्हाई. आईकडं पाहिलं आन सुरू झाली. सगळं पाठ. न अडखळता, मधी दम घेऊन, शेवटचा शब्द लांबवून. मी जिथं गंमत म्हणून दम जरा जास्त ओढायचो तिथं तिनं बी तेवढाच ओढला. ती तिच्या आवाजात वाचतच नव्हती. ती माझी नक्कल करून राहिली होती.

पोपट उडाला. आईनं ओढणी तोंडावर धरली. तिला स्वतःला मराठीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आन लेक मशीनपुढं फाडफाड वाचून राहिली होती. ताईंनी पोरीच्या पाठीवर हात फिरवला आन आईला समजावून सांगितलं की मावशी, तुमची लेक चांगली वाचती, तिकडं कारखान्याजवळ शाळा असंल तिथं घाला, ही जागा ज्याला काहीच येत न्हाई त्याला देऊ. आईला हसावं का रडावं कळेना. जाता जाता तिनं एकदा विचारलं, "एक बी जागा उरली न्हाई का?"

ताई न्हाई म्हणल्या. तिनं मग माझ्याकडं पाहिलं. मी चार्जिंगची वायर गुंडाळून राहिलो होतो. गुंडाळलेली सोडली आन पुन्हा गुंडाळली.

भाऊबीज झाली आन तिसऱ्या दिवशी ट्रक आला. बोचकी, पातेली, कोंबड्या, वर माणसं. ती गाठोड्यावर भावाला मांडीत घेऊन बसली होती. वरून ओरडली की दादा, माझा आवाज काढा. मी काढला. म्हातारी, शेळी, सगळं. अख्खा ट्रक हसला, तिची आई बी हसली. मग ट्रक फाट्याकडं गेला.

जी आठ लेकरं राहिली ती चांगली राहिली. दोघा-तिघांला खरंच वाचता यायला लागलं. ते बी सांगायला पाहिजे. मी त्यांच्यासंग बसायचो, खरं वाचून घ्यायचो, लाल आलं तर लाल जाऊ द्यायचो. वाटलं, झालं ते झालं.

उन्हाळा लागला आन लोक परत आले. ती आली न्हाई वाचनालयात. आठ दिवस झाले, तांड्यात असून आली न्हाई. एकदा पाण्याच्या टाकीपाशी दिसली. मी हाक मारली तर हंडा अर्धाच भरून निघून गेली.

मंगळवारी तिची आई आली. एका हातानं पोरीला ओढून राहिली होती, दुसऱ्या कडेवर बारकं. बारक्याची मान काडीसारखी झालेली. ती ताईंपुढं बसली आन म्हणली, मला एका गोष्टीचा न्याय पाहिजे, तुमी शिकलेल्या हाव, तुमी करा.

तिनं सांगितलं ते असं. पौषात बारक्याला ताप आला, अंगावर खरूज बी उठली. दवाखान्यातून एकसारख्या दोन बाटल्या दिल्या. कंपाउंडरनं पांढऱ्या पट्ट्या चिकटवून त्यावर पेनानं मराठीत लिहून दिलं, एकीवर पोटात, एकीवर अंगाला. नवराबायकोला ऊस तोडायला जाणं भाग, न्हाई तर मुकादम शिव्या घालतो. मग ती निघताना पोरीला म्हणली, वाचून दे, दोन टायमाला एक एक चमचा. तिला भरोसा होता. मशीननं पास केलेली पोरगी. पोरगी म्हणली हो. दिवस कलायला ही फडातून आली तर बारक्याचे डोळे वर, तोंडाला फेस, हातपाय वाकडे. अंगाला लावायचं औषध पोटात गेलं होतं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून मोठ्या दवाखान्यात नेलं. नऊ दिवस नळ्या लावून होता. वाचला. पण आधी पळत होतं पोरगं, आता भिंत धरून उभं राहतं.

"आन ही म्हणती मला वाचता येत न्हाई," आई म्हणली. "तुमच्यापुढं वाचलं, माझ्यापुढं वाचलं, आन तिथं येत न्हाई. खेळण्यात ध्यान, बाटली पाहिलीच न्हाई हिनं, आन वरून खोटं बोलून राहिली. मी लई मारलं हिला. तरी तेच. ताई, तुमी हिला विचारा, खोटं काहून बोलती."

ताईंनी विचारलं. पोरीनं बारक्याचा पाय हातात धरला. तिनं फक्त माझ्याकडं बोट करायचं होतं. पौषापासून मार खाल्ला, खोटारडी म्हणून घेतलं, तरी दादानं माझा आवाज काढला हे ती कोणाला बोलली नव्हती. आता बी बोलून न्हाई राहिली.

मग मी बोललो. माझ्या स्वतःच्या आवाजात, जो इतका बारीक निघाला की ताईंनी पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. हिरवं मी केलं. परीक्षेच्या दिवशी तिनं पाठ म्हणून दाखवलं, ते मला कळलं होतं. यादी आली तवाच मला सांगता आलं असतं.

ताईंचा इश्वास बसला न्हाई. त्यांनी टॅब काढला. मशीन ऐकलेलं सगळं साठवून ठेवतं, तारखेसकट. त्यांनी सोयाबीनच्या दिवसातलं तिचं वाचन लावलं. खोलीत तिचा घोगरा आवाज आला. ताईंनी तारीख वाचली. आईनं बोटावर दिवस मोजले आन हळूच म्हणली, त्या दिवशी तर ही माझ्यासंग आमच्या वावरात होती. पोरीनं दोन्ही हात कानावर ठेवले.

ताईंनी टॅब बंद केला. मला म्हणल्या की चावी दे. मी दिली. म्हणल्या, मी तुझ्यावर भरोसा टाकून आठवड्याचे पाच दिवस ही लेकरं सोडली होती, आता मला कोणतं वाचन खरं आन कोणतं तुझं हे एकेक करून ऐकावं लागंल, आन ऐकून बी कळायचं न्हाई. उद्यापासून येऊ नको. एवढंच बोलून त्या बाहेर फोन लावायला गेल्या.

मला वाटलं आई आता चप्पल काढंल.  बारक्याला तिनं मांडीवर घेतलं. मी म्हणलं, मावशी, मी रोज घरी येऊन हिला शिकवतो, पहिल्यापासून शिकवतो. बोलता बोलता मला रडू यायला लागलं.

"दारात येऊ नको," ती म्हणली. आजवर ती मला सर म्हणायची, तुमी म्हणायची. "माझ्या दारात तुझं काम न्हाई. मी इथं उभी राहून विचारलं व्हतं, एक तरी जागा हाय का म्हणून. तुझ्याकडं पाहून विचारलं. तू वायर गुंडाळत बसला. मी उसाच्या कांडीनं मारलं हिला, कांडी मोडली तर दुसरी घेतली. ही म्हणून राहिली याडी, मला न्हाई येत, याडी, मला न्हाई येत. खरं बोलून राहिली व्हती. आन मी तिला खरं बोल म्हणून मारून राहिले. आता ते मी कुठं नेऊन ठेवू, सांग. तुला मारून ते परत येतं का? शिकायचं का न्हाई ते ही पोरगी ठरवंल, तू न्हाई. तवर हिला हाक मारायची न्हाई, हिच्या आवाजात एक शब्द काढायचा न्हाई, कोणी पाया पडलं तरी. आन आधी ते रडणं बंद कर. ते बी खरं हाय का कोणाची नक्कल, मला कळून न्हाई राहिलं."